दोन मीटर पश्चिमेला

जनकोजीरावांनी बीमचं निमुळतं टोक ट्रकच्या मागच्या जोडचाकांमधल्या फटीत अलगद सरकवलं, डांबरावर टेकवलं आणि उकिडवं बसून तबकडीवरचं दव अंगठ्यानं पुसलं.

“पोलाम,” ते म्हणाले. निघू या.

विद्युलतानं हात वर केला. गुरुमूर्तीनं ट्रक इतका हळू पुढे सोडला, की तो निघाल्याचं आधी कळलंच नाही. चाकाखाली आलेला तांदळाच्या पिठाचा कोलम मात्र टायरला चिकटून हळूहळू वर जाऊ लागला. मार्गळी महिना होता, तमिळ पंचांगातला डिसेंबर-जानेवारीचा. एरिक्करै रस्त्यावरच्या घरांना अंगणं नव्हती. उंबऱ्याबाहेर लगेच रस्ता. त्यामुळे कोलम डांबरावरच पडलेले होते, आणि प्रत्येकाच्या मध्यभागी शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल होतं. धुकं एवढं दाट की दहा हातांवरची माणसं दिसत नव्हती, त्यांच्या बांगड्या आणि खोकले तेवढे ऐकू येत होते.

“सत्तेचाळीस,” जनकोजीराव म्हणाले.

विद्युलतानं सत्तेचाळीस लिहिलं.

काम दिसायला साधं होतं. भरलेल्या ट्रकच्या वजनानं रस्ता केसभर खाली दबतो, आणि ट्रक पुढे सरकला की पुन्हा वर येतो. तो किती वर आला हे बीमच्या, म्हणजे त्या लांब दांड्याच्या, दुसऱ्या टोकाला बसवलेली तबकडी सांगते. काटा जितका जास्त फिरेल तितकी खालची माती कच्ची. रस्ता खणावा लागत नाही, फोडावा लागत नाही. एका जागी फक्त बोटभर भोक पाडून त्यात ग्लिसरीन ओतायचं आणि थर्मामीटर बुडवून डांबराचा ताप बघायचा. आईनं लहानपणी काखेत थर्मामीटर धरायला लावावं, तसं विद्युलताला त्या वेळी दर वेळी वाटायचं.

मद्रासच्या पश्चिमेला हा रस्ता होता. तिथं पूर्वी मोठा तलाव होता. तो मातीनं भरून घरं झाली, आणि तलावाच्या काठाचं नाव तेवढं रस्त्याला राहिलं. आता या रस्त्यानं बस न्यायची होती. त्याआधी रस्ता किती वजन पेलेल ते सांगायचं काम रस्ते प्रयोगशाळेकडे आलं होतं, आणि प्रयोगशाळेनं ते विद्युलता सबनीसकडे सोपवलं होतं. सत्तावीस वर्षांची, सहायक अभियंता, पहिलंच स्वतंत्र काम. वडील मिरजेहून मद्रासजवळच्या आवडी गावी, रणगाड्यांच्या कारखान्यात आलेले. ती वाढली तिथल्याच क्वार्टर्समध्ये आणि शिकली गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. घराबाहेर मराठी बोलायची सवय तिला नव्हतीच. म्हणून तबकडी वाचणारे तांत्रिक सहायक जनकोजीराव, सगळ्यांचे राव सार, पहिल्याच दिवशी तिला म्हणाले, “तुम्ही मराठेंच का? मग बैसा, कापी घ्या,” तेव्हा ती गोंधळून उभीच राहिली होती. ते तंजावरकडचे. त्यांची मराठी तिच्या आजीच्याही आधीची होती, आणि तमिळच्या चालीवर डुलत यायची. सत्तावन्न वर्षांचे होते; सप्टेंबरात निवृत्त व्हायचे होते. बावीस वर्षं त्यांनी तबकडी वाचली होती, आणि त्यांचा आकडा पुन्हा तपासायचा नसतो, हे प्रयोगशाळेत शिपायालाही ठाऊक होतं.

“एक्कावन्न.”

“त्रेचाळीस.”

ट्रक बिंदूमागून बिंदू पुढे जात राहिला. चौसष्ट बिंदू होते. चाळिसावा विहिरीपाशी आला.

विहीर रस्त्याच्या पूर्वेच्या कडेला, डांबरापासून जेमतेम दोन पावलांवर होती. दगडी कठडा, दोन रहाट. त्या साली कार्तिकातला पाऊस नावापुरताच पडला होता. शहराचे नळ खोकत होते, आणि आसपासच्या पाच-सहा गल्ल्या या एका विहिरीवर उभ्या होत्या. प्लास्टिकच्या कुडमांची, म्हणजे घागरींची, रांग धुक्यातून निघून धुक्यात जात होती. हिरवे, लाल, पिवळे. प्रत्येक कुडमामागे एक बाई असेलच असं नव्हतं. कुडम ठेवलं की जागा धरली जायची.

“अम्मा, बस कधी?” रांगेतल्या एकीनं विद्युलताला तमिळमध्ये विचारलं. अलमेलू तिचं नाव. तिघी-चौघी तिला हाक मारत होत्या. “माझी मुलगी शाळेला अडीच मैल चालते.”

“मोजणी झाली की रस्ता होईल. रस्ता झाला की बस.”

“मोजा, मोजा. चांगलं मोजा.”

जनकोजीरावांनी बीम लावला. गुरुमूर्तीनं ट्रक सोडला. विद्युलताची नजर सहज त्या रांगेवर होती. कडेला ठेवलेल्या एका काठोकाठ भरलेल्या कुडमातलं पाणी थरथरलं, त्यावर गोल वलयं उमटली आणि थोडं पाणी ओघळून खाली आलं. त्याला कोणाचाही हात लागला नव्हता.

“बावन्न,” जनकोजीराव म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळली. त्यांचा चेहरा तबकडीकडेच होता, पण डोळे काट्यावर नव्हते. कुठंच नव्हते. देवळात आरती चालू असताना काही माणसांचे होतात, तसे उघडे आणि रिकामे.

“बावन्न?”

“बावन्न.”

तिनं लिहिलं. पुढचे पाच बिंदूही तसेच गेले: पंचावन्न, अठ्ठेचाळीस, एक्कावन्न, त्रेपन्न, पन्नास. तिच्या चपलांखाली जमीन मात्र, ट्रक सरकताना, अगदी हलकेच वर येत होती. की तिला तसं वाटत होतं.

त्या दुपारी ऑफिसातून घरी जाताना लोकलमध्ये तिला डुलकी लागली. स्वप्नात एरिक्करै रस्ता होता आणि त्याच्याखाली तलाव जसाच्या तसा होता. डांबर नुसतं सायीसारखं वर धरलेलं. त्यावरून बस आली, थांबली, आणि माणसं उतरत असताना संथपणे खाली जाऊ लागली. घाईत कोणीच नव्हतं. अलमेलूनं कुडम डोक्यावर उचलून धरलं, ओलं होऊ नये म्हणून. आवडी आलं तेव्हा शेजारच्या बाईनं हलवून उठवलं.

रात्री जेवताना तिनं आईला विचारलं, “मोतीबिंदू झाला तेव्हा तुला सुरुवातीला काय व्हायचं?”

“व्हायचं काही नाही. दिसतंय असंच वाटायचं. चुकायला लागले तेव्हा कळलं.”

म्हणजे तेच. राव सारांना दिसत नव्हतं. आठ महिने राहिले होते, आणि बावीस वर्षांचं नाव होतं. म्हणून ते अंदाजानं बोलत होते. विद्युलताला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं, की ताटातला भात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी उरलेली मोजणी संपल्यावर तिनं त्यांना हळूच विचारूनही पाहिलं.

“काका, एकदा डोळे दाखवून या ना. एग्मोरला चांगलं इस्पितळ आहे.”

“डोळ्यांस काय जाहलें मा?” ते हसले आणि तिच्या हातातल्या वहीतली बारीक अक्षरं, हातभर लांबून, घडाघडा वाचून दाखवली.

ती आणखीच गोंधळली.

दोन दिवसांनी, जनकोजीराव रजेवर असताना, तिनं गुरुमूर्तीला पहाटे ट्रक काढायला सांगितलं. तो कमी बोलणारा माणूस. पंधरा वर्षं ट्रक चालवत होता, आणि पंधरा वर्षं त्यानं तो चालण्याहून हळू चालवला होता.

“राव सार नाहीत?”

“आज मी वाचते.”

त्यानं किल्ली फिरवली. तिनं लांबलांबचे नऊ बिंदू निवडले, आणि विहिरीपाशी सहा. फरशीवर पोट टेकून मुलं मुंग्या बघतात, तशी ती तबकडीशी वाकली. पहिला बिंदू सत्तेचाळीस. जनकोजीरावांच्या वहीत सत्तेचाळीस. तिसरा त्रेचाळीस, वहीत त्रेचाळीस. नवांपैकी सात अचूक, दोन एका रेघेनं पुढेमागे. इतकं बिनचूक तिला स्वतःलाही वाचता येईल की नाही, अशी शंका तिला आली.

मग विहीर. काटा निघाला आणि थांबेचना. पन्नास ओलांडून गेला, शंभर ओलांडून गेला, तबकडीचा एक वेढा पुरा करून दुसऱ्यात शिरला. एकशे अडतीस. पुढचा एकशे सेहेचाळीस. नंतर एकशे एक्कावन्न. सहाही तसेच.

ती उठून उभी राहिली तेव्हा गुडघ्यांना कोलमचं पीठ लागलं होतं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. तलाव बुजवला तरी त्याचा झरा इथं जिवंत होता. वर रोज हजार कुडमांतून सांडणारं पाणी. रस्त्याची ही कड आतून लोण्यासारखी होती. भरलेली बस इथं दहा वेळा गेली, शंभर वेळा गेली, तर एके दिवशी कड बसला घेऊन विहिरीकडे जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं जनकोजीरावांना विहिरीवरच गाठलं. ते तिथं असतील असं तिला का वाटलं, सांगता आलं नसतं. रांग मोडली होती. ते कठड्यावर एकटेच बसले होते. तिला पाहून त्यांनी सरकून जागा केली, रहाटावरून दोर सोडला, आणि पाणी ओढून तिच्या ओंजळीत घातलं. पाणी गोड होतं, आणि जानेवारीच्या मानानं कोमट.

“मी काल पंधरा बिंदू पुन्हा वाचले,” ती म्हणाली.

“गुरुमूर्ति बोलिला.”

“नऊ बरोबर आहेत.”

“होय.”

“आणि हे सहा...”

जनकोजीराव विहिरीत बघत राहिले. खाली, फार खाली, आभाळाचा एक तुकडा हलत होता.

“बारा सालें जाहलीं,” ते म्हणाले. “उत्तरेकडे एक रस्ता होता. ऐशीच विहीर. मी आंकडा सांगितला, एकशें साठ. खरा. तिसऱ्या दिवशीं लॉरी आली. विटांचे तुकडे, माती, पुन्हा विटांचे तुकडे. विहीर बुजविली. बायका कुडम घेऊन उभ्या होत्या. कोणीं ओरडलें नाहीं, मा. ओरडल्या असत्या तर बरें होतें. एक म्हातारी मजपाशीं आली, तिनें पुसलें, सार, हें पाणी आतां कोठें जाईल? मजपाशीं तबकडी होती. तिला काय सांगूं?”

“म्हणून इथं खोटा आकडा सांगितलात.”

“खोटा नाहीं.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला. “मी पाहिलाच नाहीं. सहा ठिकाणीं डोळे उघडे ठेविले आणि पाहिलें नाहीं. पाहिलें असतें, तर सांगावें लागलें असतें.”

विद्युलताच्या हातांतलं पाणी बोटांतून गळून गेलं होतं. तिनं ओले हात साडीला पुसले.

“आणि बस, काका? कड खचली तर? अलमेलूची मुलगी त्याच बसमध्ये असेल.”

पलीकडच्या घरात कोणीतरी रेडिओ लावला, बातम्या सांगून तो बंदही झाला. मग ते म्हणाले, “तें मी रोज निजतांना पाहतों. तुम्ही खरा आंकडा लिहा. तुमचें बरोबर आहे.”

“तुमचं नाव येणार नाही. फेरमोजणी केली, एवढंच लिहीन.”

त्यांनी मान हलवली. ते होय होतं की नाही, तिला ओळखता आलं नाही.

पोंगलची सुट्टी संपल्यावर तिनं अहवाल पद्मनाभन साहेबांपुढे ठेवला. ते प्रयोगशाळेचे प्रमुख. कपाळावर वैष्णवी नाम, खिशात दोन पेन्सिली, आणि एक खोडरबर. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त अर्धवट राहिलेली कामं आवडत नसत. चौसष्ट बिंदूंपैकी अठ्ठावन्न जनकोजीरावांच्या वाचनाचे होते, सहा तिच्या. पद्मनाभननी विहिरीपाशी बोट ठेवलं, नकाशाकडे पाहिलं, आणि पेन्सिलीनं समासात एक ओळ लिहिली. विहीर बुजवावी.

“सर, दुसरा उपाय आहे. तिथं रस्ता दोन मीटर पश्चिमेला सरकवायचा. ऐंशी मीटरच्या लांबीत हलकं वळण. मी आखून आणलंय.”

त्यांनी तिचं रेखाटन काळजीपूर्वक पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“चांगलं आहे. पश्चिमेला विजेचे खांब किती?”

“सात.”

“आणि गटार. म्हणजे वीजमंडळ, महापालिका, आणि त्या गटाराचा मालक कोण हे ठरवायलाच चार महिने. कमीत कमी एक वर्ष, मिस सबनीस. रस्त्याचं काम मार्चला सुरू व्हायचंय. विहीर दोन दिवसांत बुजते.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “लोकांना बस हवी आहे. त्यांनीच अर्ज दिलेत.”

ते खरंच होतं. अर्जावर अलमेलूचा अंगठाही असणार. विद्युलतानं रेखाटनाची घडी घातली.

दार वाजलं. जनकोजीराव आत आले. बावीस वर्षांत ते या खोलीत न बोलावता आले नसावेत, कारण पद्मनाभन खुर्चीतून अर्धवट उठले. जनकोजीरावांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. ते तमिळमध्ये बोलले, सावकाश, पाठ करून आलेल्या माणसासारखे.

“सार, एरिक्करै रस्त्याचे आकडे मी वाचले. विहिरीपाशी मी तबकडी न बघता आकडे सांगितले. मॅडमनी ते पकडलं आणि झाकलं. त्यांची चूक नाही. पण एकदा न बघता सांगितलं, तर बाकीच्या ठिकाणी बघून सांगितलं असेल, याची खात्री मी देऊ शकत नाही. आपण लिहून घ्या.”

खोलीतला पंखा फिरत होता. कागदांवर ठेवलेला लोखंडी गोल वजनाचा तुकडा पद्मनाभननी उचलला, पुन्हा ठेवला.

“राव, काय बोलताय ते कळतंय का? सप्टेंबर जवळ आलाय.”

“कळतंय सार.”

विद्युलता जनकोजीरावांकडे पाहत होती. ते तिच्याकडे पाहत नव्हते. आणि मग, रात्रभर घोटवलेलं गणित सकाळी उठल्याबरोबर सुटावं, तसं तिला एकदम दिसलं. ते पश्चात्ताप करायला आले नव्हते. बीम आणि ट्रक एक फेब्रुवारीपासून मदुरै जिल्ह्याला दिलेले होते. इथली जमीन महिन्याभरात वाळणार होती, आणि वाळल्या जमिनीवरची मोजणी धरली जात नसे. मोजणी रद्द झाली, तर पुन्हा पुढच्या मार्गळीतच. ते एक वर्ष मागायला आले होते, आणि त्याच्या बदल्यात द्यायला जे होतं, तेवढं घेऊन आले होते.

पद्मनाभन तिच्याकडे वळले.

“मिस सबनीस. तुम्ही नऊ बिंदू पुन्हा वाचलेत, असं इथं लिहिलंय. ते जुळले. तुम्ही जागेवर होता. यांचे बाकीचे आकडे विश्वास ठेवण्यासारखे आहेत का?”

आहेत. तोंडावर आलेला शब्द तो होता. या माणसाचा एकही आकडा चुकलेला नाही, तो चुकूच शकत नाही, असं तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं. जनकोजीरावांची नजर जमिनीवर होती, स्वतःच्या अनवाणी पायांवर. डाव्या पायाचा अंगठा उजव्या पायावर ठेवून ते उभे होते.

“नियमाप्रमाणे,” विद्युलता म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला, “वाचणाऱ्यानं स्वतः शंका घेतली, तर सगळी मोजणी पुन्हा करावी लागते, सर.”

“मी नियम विचारला नाही.”

“पुन्हा करावी लागेल, सर.”

पद्मनाभननी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग खिशातून खोडरबर काढलं आणि समासातली ओळ पुसू लागले. ते फार सावकाश पुसत होते. रबराची भुकटी त्यांनी बोटानं गोळा करून टोपलीत टाकली.

“पुढच्या मार्गळीत, मग,” ते म्हणाले. “राव, तुम्ही थांबा. तुमचा जबाब लिहून घ्यावा लागेल.”

जनकोजीरावांना ताकीद मिळाली. शेवटचे आठ महिने ते मागच्या भांडारात बसले, मोडक्या तबकड्या आणि गंजलेल्या चाळण्या यांच्यामध्ये. त्यांचा आकडा तपासायचा नसतो, हे आता कोणी म्हणत नसे. काही जण त्यांना टाळत. काही जण मुद्दाम जाऊन बोलत, आणि ते जास्त वाईट होतं. सप्टेंबरच्या तीस तारखेला त्यांच्यासाठी सभा झाली नाही. विद्युलतानं नेलेला शेवंतीचा हार त्यांनी हातातच घेतला आणि पिशवीत ठेवला.

“खांब?” एवढंच त्यांनी विचारलं.

“चार हलले. तीन राहिलेत.”

“बरें.”

त्या वर्षात विद्युलतानं जितकी पत्रं लिहिली, तितकी नंतरच्या सगळ्या नोकरीत मिळून लिहिली नसतील. वीजमंडळात तिचा आवाज फोनवर ओळखीचा झाला. गटाराचा मालक कोण, हे जूनमध्ये ठरलं. जुलैत ते ठरणं चुकीचं निघालं. ती शनिवारी एरिक्करै रस्त्यावर जायची, टेप घेऊन, आणि तिच्यामागे शाळकरी मुली दुसरं टोक धरून चालायच्या. त्यांतली एक अलमेलूची होती. आकडे ती मोठ्यानं ओरडून सांगायची, आणि बरोबर सांगायची. शेवटचा खांब दिवाळीनंतर हलला. त्या वर्षी पाऊस आला, भरपूर आला. विहिरीचं पाणी कठड्याखाली तीन हातांवर चढलं, आणि महापालिकेचे नळही आले. तरी रांग राहिलीच. नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही, बायका म्हणाल्या.

पुढच्या मार्गळीत तिनं मोजणी केली, सरकवलेल्या रेषेवर, स्वतः तबकडीशी बसून. विहिरीसमोरचे आकडे साठ-सत्तरच्या आसपास आले. थोडा जाड थर घातला की पुरे. पद्मनाभननी अहवालावर सही केली आणि समासात काही लिहिलं नाही.

जूनमध्ये बस सुरू झाली. पहिल्या दिवसाचे हारतुरे, भाषणं होऊन गेल्यावर, चौथ्या का पाचव्या दिवशी, विद्युलता सैदापेटला जनकोजीरावांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी राजसबाई दार उघडून म्हणाल्या, “रात्रीपासून तयार होऊन बैसले आहेत. निजलेच नाहींत.” ते पांढराशुभ्र सदरा आणि वेष्टी घालून ओटीवर होते, खांद्यावर घडी घातलेलं अंगवस्त्र.

बसला गर्दी नव्हती. तिनं त्यांना खिडकीची जागा दिली. ते काही वेळ बोलले: भांडारातल्या एका तबकडीबद्दल, जी आपोआप चालू झाली होती, त्यांच्या नातवाबद्दल, ज्याला मराठी कळते पण बोलायची लाज वाटते. ऊन खिडकीतून त्यांच्या मांडीवर येत-जात होतं. वाक्यं लांबत गेली, मधे मधे सुटू लागली, आणि मुख्य रस्ता सोडून बस आत वळली तेव्हा त्यांचे डोळे मिटले होते. तोंड किंचित उघडं होतं, आणि हलकं घोरणं ऐकू येत होतं.

एरिक्करै रस्ता आला. ओळखीची घरं मागे पडू लागली. विद्युलतानं त्यांच्या दंडाला हात लावायला उचलला. पुढे कठडा दिसत होता, रहाट, आणि ऊन पडलेले लाल-हिरवे कुडम.

ड्रायव्हरनं चाक थोडंसं पश्चिमेला घेतलं. उभी माणसं एका बाजूला कलली, पुन्हा सरळ झाली. कंडक्टर तिकीट फाडत होता. त्याचा हात थांबला नाही. जनकोजीरावांची मान खिडकीच्या गजावरून निघाली आणि सावकाश तिच्या खांद्यावर येऊन टेकली. विहीर मागे गेली.

त्यांना पुढच्याच थांब्यावर उतरायचं होतं. विद्युलतानं उचललेला हात खाली घेतला, कंडक्टरला खुणेनं जवळ बोलावलं, आणि हळू आवाजात शेवटच्या थांब्यापर्यंतची दोन तिकिटं मागितली.